पाण्याला हात लावू नका : कोणी, कोणाला सांगायचे?

'या पाण्याला हात लावू नका' हे वाक्य कुठेही दिसले की आमच्या रक्तात महाड जागे होते. ते जागे झालेच पाहिजे. म्हणूनच न्यूझीलंडच्या एका डोंगरावरील अशाच सूचनेचा विचार आम्ही आज मुद्दाम करीत आहोत. आपली शिकलीसवरली मुले आता ऑकलंड-वेलिंग्टनपर्यंत पोहोचली आहेत. त्यांनाही हा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही.

डोंगराचे नाव टोंगारिरो. हा जिवंत ज्वालामुखी आहे. त्यावरून जाणारी सुमारे २० किलोमीटरची पायवाट जगभर प्रसिद्ध आहे. मांगाटेपोपो या टोकाला चालायला लागायचे आणि केटेटाही या दुसऱ्या टोकाला उतरायचे. सात-आठ तास लागतात. सुरुवातीचे टोक उंचावर, शेवटचे खाली, म्हणून बहुतेक लोक याच दिशेने जातात. मधला रेड क्रेटर सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथून सैल राखेवरून घसरत उतरले की हिरवीगार तळी दिसतात आणि पुढे निळे सरोवर लागते.

वाट एकेरी असल्यामुळे गाडीचा प्रश्न येतो. गाडी एका टोकाला आणि माणूस दुसऱ्या टोकाला! शिवाय गर्दी इतकी वाढली की २०१७ पासून हंगामात मांगाटेपोपोच्या वाहनतळावर चार तासांची मर्यादा घातली गेली. आठ तासांची चाल चार तासांत कशी संपणार? त्यामुळे गाडी दूर ठेवून शटल बसनेच यावे लागते. हा नियम मंत्र्याला वेगळा आणि मजुराला वेगळा नाही. पैसेवाल्याची गाडीही चार तासांनी हलवावीच लागते. आमच्याकडे देवस्थानाच्या दारापर्यंत कोणाची गाडी जाते आणि कोण उन्हात रांगेत उभे राहते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा डोंगर माओरींच्या न्गाती तुफारेतोआ आणि इतर जमातींचा पूर्वज मानला जातो. निळे सरोवर त्यांना पवित्र. त्यात पोहू नये, पाण्याला स्पर्श करू नये, काठावर बसून खाऊ नये, अशी विनंती प्रवाशांना केली जाते. शेजारचे न्गाउरुहोए शिखर चढू नये, असेही सांगितले जाते. मग हे सोवळे नव्हे काय?

आम्ही म्हणतो, कसोटी सोपी आहे. बंदी कोणावर आहे ते पाहा. महाडच्या चवदार तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरत होते, जनावरे पीत होती. बंदी फक्त अस्पृश्यांना होती. नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी गोमूत्र-शेणाने तळे 'शुद्ध' केले. पाणी पवित्र होते म्हणून ती बंदी नव्हती. माणूस अपवित्र ठरवला होता म्हणून होती. टोंगारिरोच्या सरोवराचे पाणी गोऱ्यानेही शिवायचे नाही आणि माओरीनेही शिवायचे नाही. तिथे कोणाच्या स्पर्शाला जन्माचा कलंक लावलेला नाही. हा फरक ज्याला कळला नाही, त्याला महाड कळले नाही.

पण आम्ही भाबडे नाही. जुन्या माओरी समाजातही सरदार होते, युद्धात पकडलेले गुलाम होते. पावित्र्याच्या नावाखाली सत्ता चालते, हे तिथेही खरे होते. म्हणून कुठल्याही परंपरेपुढे डोळे मिटून मान तुकवणे आम्हाला मान्य नाही. परंपरेला प्रश्न विचारायचा, तो माणसाच्या प्रतिष्ठेच्या बाजूने विचारायचा, हीच आमची शिकवण आहे.

आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे : सूचना लिहिण्याचा अधिकार कोणाचा? १८४० मध्ये इंग्रजांनी माओरींशी वैतांगीचा करार केला. पुढे जमिनींच्या न्यायालयाने सामूहिक जमिनीचे तुकडे पाडून त्या विक्रीला काढण्याची वाट मोकळी केली. डोंगराचेही तसेच होईल, या भीतीने १८८७ मध्ये होरोनुकु ते हेउहेउ या प्रमुखाने शिखरे राणीच्या सरकारकडे सोपविली. सरकारने त्याला 'दान' म्हटले आणि १८९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कायदा केला. वैतांगी न्यायाधिकरणाने २०१३ च्या अहवालात सांगितले की हे मालकी सोडून देणारे दान नव्हते, संयुक्त राखणीचा तो प्रस्ताव होता. म्हणजे सव्वाशे वर्षे एका शब्दाचा अर्थ सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीने लावला! युनेस्कोने १९९० मध्ये निसर्गासाठी दिलेल्या जागतिक वारशाच्या मानाला १९९३ मध्ये माओरींच्या सांस्कृतिक नात्याचीही जोड दिली. तीही न्यायाधिकरणाच्या आधी वीस वर्षे.

त्याच २०१३ साली आपल्या देशात काय घडले? ओडिशातील नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारायला सांगितले आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. डोंगरिया कोंधांचा डोंगर वाचला, कारण बोलण्याचा हक्क त्यांच्या हातात आला. दयेने वाचला नाही.

डोंगर स्वतःही बोलतो. ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री टोंगारिरोचे ते मारी विवर फुटले. दगड केटेटाहीच्या झोपडीचे छप्पर फोडून आत पडले. आत कोणी नव्हते. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा फुटले. ज्वालामुखी कोणाची जात पाहत नाही, खिसाही पाहत नाही.

आपल्या मुलांनी त्या वाटेवरून जरूर चालावे. माओरींच्या विनंतीचा मान राखून सरोवरापासून दोन पावले दूर राहावे. कारण ती विनंती ज्यांची जमीन गेली त्यांची आहे. पण उद्या मायदेशी परतून कोणी एखाद्या विहिरीवर, मंदिराच्या टाक्यावर 'तू लांब राहा' म्हटले, तर एक पाऊलही मागे हटू नये. एकाच वाक्याला दोन ठिकाणी दोन उत्तरे देता येणे, यालाच आम्ही विवेक म्हणतो. महाडने आम्हाला पाणी प्यायला शिकवले, तसेच विचार करायलाही शिकवले.