खजिन्याचा खेळ आणि आपली खाणावळ

आज एका नव्या खेळाची माहिती सांगते. त्याचं नाव जिओकॅशिंग. आपल्या किनाऱ्यावर खाणावळ किंवा घरगुती राहण्याची सोय चालवणाऱ्या गटांना त्यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे, आणि एक गोष्ट टाळण्यासारखी आहे.

मासेमारीच्या बोटीवरचं जीपीएस तुम्हाला माहीत आहे. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने त्यातली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसालाही जागा बरीच अचूक कळू लागली. दोनच दिवसांत तिथल्या एकाने जंगलात एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. तिथून खेळ सुरू झाला. कुणीतरी डबा लपवतो, दुसरे मोबाईल घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथेच ठेवतात.

या खेळाचा दुसरा प्रकार म्हणजे मेळावा. त्यात डबा नसतो. दिवस, वेळ आणि जागा निदान दोन आठवडे आधी कळवतात. खेळाडू जमतात, वहीत सही करतात, गप्पा मारतात. इंग्लंडमध्ये असे मेळावे बरेचदा गावातल्या पबमध्ये भरतात. तिथे दारू मिळते तसं जेवणही मिळतं. काही पब शेकडो वर्षं जुने असतात, भिंतीवर गावाचे जुने फोटो असतात. आलेला माणूस जेवता जेवता गावाचा इतिहास ऐकतो.

आता टाळायची गोष्ट. आपल्याकडे डबा लपवू नये आणि कुणाला लपवू देऊ नये. १९९३ च्या मुंबई स्फोटांतली स्फोटकं आपल्याच जिल्ह्यात, दिघी आणि शेखाडीला उतरवली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत रायफली सापडल्या. घातपाताचा संबंध नसल्याचं सरकारने सांगितलं, पण तोवर जिल्हाभर नाकाबंदी लागली होती. अशा किनाऱ्यावर बेवारस डबा दिसला तर लोक घाबरणार आणि पोलिसांना बोलावणार, तेच योग्य आहे. शिवाय कुलाबा, जंजिरा हे संरक्षित किल्ले आहेत, तिथे खणणं गुन्हा आहे.

मेळाव्याला मात्र ही अडचण नाही. हिवाळ्यात वाडीत पोपटी लावतो तेव्हा मडकं उघडेपर्यंत चालणाऱ्या गप्पा म्हणजे मेळावाच की! आणि सांगायला आपल्याकडे काय कमी आहे? रशियाचा अफनासी निकितीन पंधराव्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज रेवदंडा सोडून गेले, पण कोर्लईत काही घरांत अजून पोर्तुगीज आणि मराठीची मिसळ असलेली बोली बोलतात. नवगावला बेने इस्राएल समाजाची जुनी दफनभूमी आहे. हा समाज तेल गाळायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. पाहुणा समुद्रात डुंबून, मासे खाऊन परत जातो. हे त्याला कुणी सांगतच नाही.

गटाने मेळावा घ्यायचं ठरवलं तर चार गोष्टी पाळा.

पहिली, ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील यांना आधी कळवा.

दुसरी, या खेळात जाहिरात चालत नाही आणि जेवण घेण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून बसायची जागा मोफत द्या. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सोलकढी यांचे दर पाटीवर लिहा. ज्याला हवं तो घेईल.

तिसरी, इतिहास सांगणारी बाई ठरवा आणि तिच्या वेळेचे पैसे गटाच्या हिशेबात धरा. स्वयंपाकाची मजुरी धरतो, मग हे काम फुकट का? ऐकीव गोष्ट असेल तर "असं म्हणतात" हे तिने सांगावं. गोष्ट रंगवण्यासाठी साल किंवा नाव जोडू नये.

चौथी, शेवटी सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरचा कचरा उचलावा. या खेळात सफाईचे वेगळे मेळावेही होतात, त्यामुळे खेळाडूंना त्याचं नवल वाटणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका जागेची माहिती घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यावी. सचिवाने ती वहीत उतरवून घ्यावी. मेळावा होवो न होवो, ती वही गटाकडे राहील.