थेरपिस्टने स्वतःबद्दल किती बोलावे?

उपचाराच्या सत्रात थेरपिस्ट स्वतःच्या आयुष्यातले काही सांगतो, त्याला स्व-प्रकटीकरण म्हणतात. ते योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. मनोविश्लेषकाने आरशासारखे असावे, रुग्णाला त्यात स्वतःखेरीज काही दिसू नये, असे सिग्मंड फ्रॉइडने १९१२ मध्ये लिहिले. प्रत्यक्षात त्याने स्वतः हा नियम फारसा पाळला नाही. एका भुकेल्या रुग्णाला त्याने जेवू घातल्याची नोंद त्याच्याच टिपणांत आहे. त्याचा हंगेरियन सहकारी शांडोर फेरेंत्सी दुसऱ्या टोकाला गेला. रुग्णानेही डॉक्टरच्या मनाचे विश्लेषण करावे, असा प्रयोग त्याने केला आणि १९३२च्या रोजनिशीत त्याच्या अडचणीही नोंदवल्या. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी थेरपिस्टच्या खरेपणाला महत्त्व दिले. मात्र खरेपणा म्हणजे मनात येईल ते बोलून टाकणे, असे त्यांनाही अभिप्रेत नव्हते.

बॅरेट आणि बर्मन या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्येक थेरपिस्टने एका व्यक्तीशी स्वतःबद्दल थोडे अधिक बोलायचे, दुसरीशी ते टाळायचे, असे ठरले होते. जिथे थेरपिस्ट थोडा मोकळा झाला, तिथे रुग्णाचा त्रास अधिक कमी झाला आणि थेरपिस्टही अधिक आवडला. हे बोलणे मोजके होते आणि समोरच्याच्या बोलण्याला धरून होते, हे मात्र विसरता येत नाही.

खरी कसोटी एकच: सांगितलेले कोणाच्या उपयोगाचे? ‘वडील गेले तेव्हा मलाही महिनोन्‌महिने झोप नव्हती’ हे एक वाक्य शोकात बुडालेल्याला धीर देते. तोच विषय अर्धा तास चालला, की पैसे मोजणारा श्रोता होतो आणि थेरपिस्टचीच समजूत काढू लागतो. थेरपिस्टचा सध्याचा घटस्फोट, कर्जे, लैंगिक आयुष्य यांना सत्रात जागा नाही. शिक्षण, अनुभव, उपचारपद्धती आणि फी यांची माहिती मात्र स्व-प्रकटीकरणात मोडत नाही. ती विचारली तर मिळालीच पाहिजे.

थेरपिस्टच्या अशा बोलण्याने अवघडल्यासारखे होत असेल किंवा एरवीही त्याच्याशी जमत नसेल, तर तो बदलता येतो, आणि त्यासाठी त्याचा गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. तरीही संकोच आड येतो: इतके सांगून झाले, आता पुन्हा पहिल्यापासून कोण सांगणार? ‘डॉक्टरांना वाईट वाटेल’ हीही आपल्याकडची नेहमीची अडचण. अनेकजण काही न बोलता जाणेच बंद करतात. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साधारण पाचातला एक जण उपचार अर्धवट सोडतो असे आढळले.

नाराजी एकदा स्पष्ट बोलून पाहिल्यास कित्येकदा गाडी रुळावर येते. पण थेरपिस्टने मर्यादा ओलांडली असेल, धमकावले असेल किंवा लैंगिक जवळीक साधली असेल, तर निरोपासाठी शेवटचे सत्र घेण्याचेही बंधन नाही. तिथे तक्रारच योग्य. एरवी उपचारांचा फायदा होत नसेल तर ते थांबवावेत आणि दुसरा पर्याय सुचवावा, अशी अपेक्षा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता थेरपिस्टकडूनच ठेवते.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क आहे. नव्या तज्ज्ञाकडे जाताना त्या जरूर मागून घ्याव्यात.