‘दाखल झालं’ असं नक्की कधी म्हणायचं? ई-फायलिंगचे नियम आणि मुदतीचा प्रश्न

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल: न्यायालयात कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करण्याचे नियम. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात का पडावं, असंही कोणी विचारेल. पण या नियमांच्या पोटात न्यायाचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या खापरसारख्या गावात जास्त बोचतो.

आपलं जिल्हा न्यायालय नंदुरबारला. उच्च न्यायालयात जायचं तर औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे छत्रपती संभाजीनगर. एक अपील दाखल करायचं तर पूर्वी प्रवास, मुक्काम, मजुरी बुडणं, हे सगळं आलंच. आता तोच कागद घरबसल्या पाठवता येतो. ही सोय मोठी आहे, ती आम्ही कमी लेखत नाही. पण कागद ‘दाखल झाला’ असं कोणत्या क्षणी म्हणायचं? आणि मध्येच यंत्रणा बंद पडली तर नुकसान कोणी सोसायचं?

आधी जुनी रीत पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या कलम २६ प्रमाणे दावा सुरू होतो तो वादपत्र न्यायालयापुढे सादर केल्याने. माणूस खिडकीशी जायचा, कारकून कागद घ्यायचा, शिक्का मारायचा. शिक्क्यावरची तारीख तीच दाखल झाल्याची तारीख. देणं आणि पोचणं एकाच क्षणी घडत होतं, म्हणून त्यात फरक करायची गरजच पडली नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकीच मान्यता दिली. आणि कलम १३ ने पाठवणं आणि पोचणं यांच्या वेळा वेगवेगळ्या केल्या. नोंद पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरली की ती ‘पाठवली’. घेणाऱ्याने ठरवून दिलेल्या संगणकात शिरली की ती ‘पोचली’. तुम्ही बटण दाबलं म्हणजे पोचलं असं नाही. या दोहोंमधली फट कधी सेकंदाची, कधी तासाची असते. आजचा सगळा प्रश्न त्या फटीत आहे.

आता नियमांकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशातल्या उच्च न्यायालयांसाठी ई-फायलिंगचे नमुना नियम तयार केले. आम्ही त्यांच्या आधाराने बोलतो आहोत. प्रत्यक्ष दाखल करताना आपल्या न्यायालयाची ताजी अधिसूचना आणि परिपत्रकं वकिलाकडून पाहून घ्यावीत, कारण वेळा आणि तपशील बदलतात. कृती थोडक्यात अशी: संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, कागद पीडीएफमध्ये करायचे, डिजिटल किंवा आधारवरची ई-सही करायची, कोर्ट फी ऑनलाइन भरायची. त्रुटी निघाल्या तर दुरुस्त करायच्या. हा भाग सरावाचा आहे, त्यात फार वेळ घालवत नाही.

खरी मेख वेळेच्या नियमात आहे. पोर्टल चोवीस तास उघडं असतं. पण नमुना नियम सांगतात की दुपारी चारनंतर दाखल केलेलं प्रकरण पुढच्या कामकाजाच्या दिवशीचं धरायचं. सुट्टीच्या दिवशी केलेलंही तसंच. म्हणजे दार रात्रभर उघडं, पण दिवस चार वाजताच मावळतो!

समजा, एका शेतकऱ्याच्या बांधाच्या दाव्याचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस. निकालाचा दिवस मोजायचा नाही, नकला मिळवायला लागलेला आवश्यक वेळही वगळायचा. सगळं मोजून शेवटचा दिवस गुरुवार आला. दुपारी साडेतीनला अपलोड सुरू केलं आणि वीज गेली. पाच वाजता फाईल पोचली. तर तारीख लागणार शुक्रवारची. अपील एक दिवस उशिरा.

अपिलाला निदान कलम ५ आहे. ‘पुरेसं कारण’ दाखवलं तर न्यायालय विलंब माफ करू शकतं, आणि हे कारण उदार दृष्टीने पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कातिजी प्रकरणात सांगितलेलं आहे. पण मूळ दाव्याला कलम ५ लागूच होत नाही. उसने दिलेले पैसे वसूल करायला तीन वर्षं मिळतात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी फाईल चारनंतर पोचली तर कलम ३ प्रमाणे दावा फेटाळलाच जातो. प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरीसुद्धा. इथे एक तास म्हणजे सगळी रक्कम.

शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर मात्र कलम ४ मदतीला येतं. न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल केलेलं चालतं. म्हणजे रविवारची मुदत सोमवारपर्यंत जाते, पण गुरुवारची चारनंतर सरते. हा फरक लक्षात ठेवावा.

नमुना नियमांतलं आणखी एक वाक्य महत्त्वाचं. ऑनलाइन यंत्रणा बंद पडली, या कारणावर मुदतीतून सूट मिळणार नाही. ऐकल्याबरोबर हे अन्यायाचं वाटतं. लॉन फुलर नावाच्या विचारवंताने १९६४ साली कायद्याच्या अंगभूत नीतीची आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक असं की कायद्याने अशक्य गोष्ट मागू नये. यंत्र सरकारी, बंद पडणार तेही सरकारी, आणि शिक्षा पक्षकाराला? मग हा नियम अशक्य मागतो का?

नियम पूर्ण वाचला तर चित्र थोडं बदलतं. पोर्टल चालत नसेल तर नेमलेल्या केंद्रावर जा किंवा सरळ कागदावर दाखल करा, असं तेच नियम म्हणतात. पोर्टल उपलब्ध नाही, गोपनीयतेची अडचण आहे, दस्तऐवजाचा आकार किंवा अवस्था स्कॅन करण्याजोगी नाही, अशा कारणांनी ई-फायलिंगमधून सूट मागता येते. तेव्हा यंत्रापासून सूट आहे, काळापासून नाही. दुसरं दार उघडं ठेवलंय, म्हणून नियम अशक्य मागत नाही, हे तर्काला धरून आहे.

पण तर्क तिथेच थांबत नाही. ते दुसरं दार कुठे आहे? नंदुरबार शहरातल्या माणसाला साडेतीनला पोर्टल बंद दिसलं तर तो दहा मिनिटांत खिडकीशी पोचेल. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस पोचणार नाही. नियम दोघांना एकच, शक्यता मात्र वेगळी. कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. अडचण सगळ्यांची होती, म्हणून ती सगळ्यांना दिसली. एकट्याची अडचण एकट्यालाच सिद्ध करावी लागते. म्हणून आमचं मत असं की सक्ती जितकी वाढवायची तितकी मदतीची खिडकी गावाच्या जवळ आणली पाहिजे. १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्या पैशाचं माप आपण यावरून घ्यावं की पाड्यावरच्या माणसाला ई-सेवा केंद्र किती लांब पडतं.

तोवर आपल्या हातात काय आहे? मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी दाखल करा. शेवटच्या दिवशी करावंच लागलं तर दुपारी बाराच्या आत. यंत्रणा अडली तर तारीख-वेळ दिसेल असा पडद्याचा फोटो काढा आणि ताबडतोब न्यायालयाची वाट धरा. तो फोटो पुढे विलंब माफीच्या अर्जाला उपयोगी पडू शकतो. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आपल्या अक्कलकुवा तालुक्यात ही माहिती घरोघर पोचायला हवी.

श्रोत्यांचा प्रश्न: एकदा स्कॅन करून पाठवलं की मूळ कागदांचं काय करायचं?

उत्तर: जपून ठेवायचे. न्यायालय कधीही मूळ प्रत मागू शकतं. सही केलेलं वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र वगैरे प्रकरण पूर्ण निकाली निघाल्यावरही निदान दोन वर्षं ठेवावं, असं नमुना नियम सांगतात. मृत्युपत्र तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेतच येत नाही, ते कागदावरच हवं. त्याची मूळ प्रत कायमची सांभाळा.

प्रश्न: दुकानात कोणी भरून दिलं आणि ‘झालं’ म्हणून सांगितलं, तर?

उत्तर: त्याच्या ‘झालं’वर उठू नका. पोचल्याची नोंद, तिचा क्रमांक आणि वेळ छापून घ्या. पूर्वी आपण शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडत नव्हतो. तीच सवय इथेही ठेवायची.