काडेपेटीएवढ्या मोटारी

मुलुंडमधील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची ठरली, तेव्हा माळ्यावरचे सामान निकालात काढण्याचे काम माझ्या वाट्याला आले. पितळेची भांडी बहिणीने नेली, जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे गेले, आणि अखेर उरला तो बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्याचे झाकण गंजून घट्ट बसले होते. उलथन्याने ते उचकटले, तो आतून अकरा मोटारगाड्या निघाल्या. एकीची मागची चाके नाहीशी झालेली, दुसरीचे दार गळालेले, आणि बहुतेकींच्या अंगावर रंगापेक्षा उघडा धातूच अधिक. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका सद्गृहस्थांनी हा डबा पाहिला आणि त्यांतील चार गाड्यांची जी किंमत सांगितली, ती ऐकून आमच्या घरात दोन तट पडले. मुलाचे म्हणणे, विकून टाका. सूनबाईंचे म्हणणे, नातवाला खेळावयास द्या. आणि मी दोघांनाही नुसते ‘थांबा’ म्हणत राहिलो. हे थांबणे निव्वळ हळवेपणाचे होते की त्याला काही आधार होता, हे पाहावे म्हणून मी या वस्तूंची थोडी विचारपूस केली. तीच आज आपणापुढे मांडीत आहे.

या मोटारींना डाय-कास्ट असे म्हणतात. पत्र्याच्या खेळण्याची आणि यांची जात निराळी. पत्र्याची मोटार कापून आणि वाकवून जोडलेली असते. ही मात्र ओतलेली असते. मुख्य धातू जस्त, त्यात थोडे ॲल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबे. झमॅक या नावाने ओळखले जाणारे हे मिश्रण अमेरिकेतील न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ साली सिद्ध केले, आणि चार धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जुळवून ते नाव बनले. हे मिश्रण सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळते. लोखंडाला १५०० अंशांच्याही वर न्यावे लागते हे लक्षात घेतले, म्हणजे यातील सोय कळते. वितळलेला रस पोलादी साच्यात जोराने दाबला की काही क्षणांत गोठतो, आणि दाराची मूठ, दिव्याची कड, समोरची जाळी असा बारीकसारीक तपशील त्यात जसाच्या तसा उतरतो. उष्णता बेताची असल्यामुळे साचाही लवकर झिजत नाही. एकाच साच्यातून हजारो गाड्या निघतात. आणि तळहातावर घेताच जे सुखद वजन जाणवते, ते या जस्ताचेच. प्लास्टिकची मोटार कितीही हुबेहूब असली तरी हाताला ती खोटीच वाटते.

या विद्येचा खेळण्यांसाठी मोठा उपयोग केला तो लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने. तिच्या मोटारींना १९३४ पासून डिंकी हे नाव मिळाले. त्यांचे प्रमाण साधारण एकास त्रेचाळीस. आपल्या परिचयाची पद्मिनी फियाट या मापाने केली तर ती ९ सेंटिमीटरांची होईल. पुढे लंडनच्या लेझ्नी कंपनीने याहूनही लहान गाड्या काढल्या. तिचे एक चालक जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत, काडेपेटीत मावेल तेवढेच खेळणे आणण्यास परवानगी होती. बापाने तिला तेवढा इवलासा रस्त्यावरचा रूळ करून दिला, आणि १९५३ साली मॅचबॉक्स नावाची मालिका बाजारात आली. आमच्या पिढीतील मुले काडेपेट्यांचे छाप जमवीत असत. तिकडची मुले त्या पेटीत मोटारी ठेवीत होती! १९५६ साली कॉर्गी आल्या. त्यांच्या खिडक्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या काचा होत्या, आणि त्यापायी डिंकीची झोप उडाली. १९६८ साली अमेरिकेतून हॉट व्हील्स निघाल्या. त्यांची चाके इतकी हलकी फिरत की मॅचबॉक्सला पुढच्याच वर्षी आपली चाके बदलावी लागली. जाणकार गाडी उलटी करून प्रथम चाके पाहतो, ते यासाठी. धातूची चाके सर्वांत जुनी, मग करड्या प्लास्टिकची, मग काळ्या, आणि शेवटी बारीक आसावर गरगरणारी.

हे सारे वैभव आमच्यापर्यंत मात्र सरळ येत नसे. परकीय चलनाच्या टंचाईमुळे असल्या चैनीच्या मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यांतील शेवटचे एप्रिल २००१ मध्ये उठले. त्यामुळे आमच्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, मुंबईच्या उपनगरांतील घरात अशी मोटार आली तर ती ‘कशी’ आली याला एक हकिकत असे. माझ्या अकरांपैकी तीन मामाने आणल्या. तो बोटीवर होता. वर्षदीड वर्षाने घरी येई, आणि आईसाठी आणलेल्या नायलॉनच्या साडीच्या घडीतून एक मोटार हळूच काढी. दोन चोरबाजारातल्या, वडिलांच्या मागे मागे मटण स्ट्रीटवर हिंडून मिळवलेल्या. चार निकी. या निकींची कथा मोठी गमतीची आहे. डिंकीच्या कारखान्याने नको झालेले काही साचे १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीला विकले, आणि त्याच साच्यांतून निघालेल्या गाड्या निकी टॉइज या नावाने आपल्याकडे मिळू लागल्या. साचे तेच; पण रंग जाड, कडा थोड्या बोथट. तरीही जग्वार मार्क टेन, मर्सिडीज, बेंटले अशी नावे त्यांच्यामुळेच आमच्या तोंडी रुळली. उरलेल्या दोन लिओ मॅटेलच्या, भारतातच बनलेल्या हॉट व्हील्स. त्या मोठेपणी घेतल्या. खरे पाहता त्या डब्यात शोभत नाहीत.

आणि रस्ते? ते आमच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीचे सांधे. दोन लाद्यांमधील सिमेंटची रेघ म्हणजे हमरस्ता. जेथे लादी फुटलेली तेथे घाट. चार बिऱ्हाडांची मुले उकिडवी बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत, आणि कोणाची बेंटले कोणाच्या उंबऱ्यापर्यंत न्यावयाची यावरून भांडणे होत.

मौज अशी की खाली रस्त्यावर यांतील एकही गाडी धावत नव्हती. तेथे होती फियाट. ज्या कारखान्यातून ती बाहेर पडे, तो प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला, आमच्याच आगगाडीच्या मार्गावर. तिथून पहिली मोटार १९४७ साली निघाली. फियाट विकत घ्यावयाची तर पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या इमारतीतील एका डॉक्टरांचा नंबर लागला, त्या दिवशी सगळ्या बिऱ्हाडांत पेढे वाटले गेले. १९७४ पासून तिला पद्मिनी म्हणू लागले, शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले, आणि टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची गेली. माझ्या डब्यात जग्वार आहे, फियाट नाही. ज्या गाडीत मी खरोखर बसलो, ती जमवावी असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

आता घरच्या तंट्याकडे वळतो. त्या सद्गृहस्थांची पहिली सूचना अशी की, विकावयाच्या नसतील तर निदान नव्याने रंगवून घ्या. हे मला मुळीच पटले नाही, आणि संग्राहकही याच मताचे आहेत हे कळल्यावर बरे वाटले. मूळ रंग कितीही उडालेला असो, तो गेला की गाडीची ओळखच जाते. मूळ खोक्यासह असलेल्या कोऱ्या गाडीला मोठी किंमत येते हेही खरे. परंतु कोरी गाडी म्हणजे जिच्याशी कोणी खेळलेच नाही अशी गाडी, आणि तिचे मला तरी वाईटच वाटते.

दुसरी भीती पांढऱ्या भुकटीची होती. जस्ताच्या मिश्रणात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि एक दिवस बोटांत चुरा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पुष्कळ डिंकी अशाच नष्ट झाल्या. या रोगाला औषध नाही. माझ्या गाड्यांना तडे नाहीत, सांधे फुगलेले नाहीत. वरची भुकटी ही मुंबईच्या दमट हवेची करणी. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने ती निघाली. पुसून कोरड्या केल्या, आणि हवाबंद डब्याऐवजी जाळीच्या कपाटात ठेवल्या.

नातवाला देण्याचा प्रश्न मात्र हळवेपणाचा नव्हता. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव मोठा, आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते. आज भारतात विकावयाच्या खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. माझ्या निकींना अशी कोणती परीक्षा द्यावी लागली नव्हती. नातू सात वर्षांचा. गाडी तोंडात घालण्याचे त्याचे वय गेले, परंतु त्याची बहीण दीड वर्षाची आहे. तेव्हा असे ठरले की, विकावयाचे काहीच नाही. जुन्या नऊ कपाटात राहतील, त्याने माझ्यासमोर हाताळाव्यात आणि मग हात धुवावेत. त्याला खेळावयास एक नवी, खूण पाहून घेतलेली गाडी आणली.

भाड्याच्या नव्या जागेत त्याने ती जमिनीवर ठेवून ढकलली. ती थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. इथल्या लाद्या मोठ्या आणि गुळगुळीत. सांधे जवळजवळ दिसतच नाहीत. त्याने थोडा वेळ विचार केला आणि स्वयंपाकघरातून खडू आणला.