खव्यावर कुणाचे नाव?

आमच्या दुधनीच्या नावातच दूध आहे. ओळख मात्र तुरीच्या बाजारपेठेची. सकाळी दूध कॅनमधून डेअरीला जाते, उरले ते चहाला. खव्याचे नाव घ्यावे तर धाराशिव जिल्ह्यातील भूम-कुंथलगिरी भागाचे. तिथल्या खव्याचा पेढा आपण बारशाला आणि पोरगी दहावी पास झाली म्हणून वाटतो. पण कढईपाशी घाम गाळून तो खवा कुणी आटवला, हे कुणी विचारत नाही.

इंग्लंड-आयर्लंडमधील चीजविषयी वाचताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. आपल्याकडे चीज म्हणजे दुकानातली पिवळी वडी. तिकडे परगण्यागणिक चीज वेगळे. चेडर हे मुळात सॉमरसेट परगण्यातील एका गावाचे नाव. कोमट दुधाला विरजण लावतात, रेनेट घालून ते घट्ट करतात (पूर्वी रेनेट वासराच्या जठरातून काढत, आता शाकाहारीही मिळते), मग ते कापून पाणी निथळवतात, मीठ घालून दाबतात आणि महिनोन्‌महिने मुरवत ठेवतात. एक किलो चेडरला सुमारे दहा लिटर दूध लागते. म्हशीच्या पाच लिटर दुधात किलोभर खवा पडतो, पण तो चार दिवसांत विकावा लागतो. चेडर वर्षभर टिकते. ज्याच्या घरी बर्फाची पेटी नाही आणि दारात व्यापारी उभा आहे, त्याला या फरकाची किंमत कळते.

दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारने दूध मुख्यत्वे एकाच ठोकळेबाज चेडरकडे वळवले आणि गावोगावची चीजे बंद पडली. चीजचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालले. तोवर जुने हात थकले होते. मोडलेले काम पुन्हा उभे राहिले ते पुढे, आणि आयर्लंडमध्ये त्याचे मोठे श्रेय जाते एका स्त्रीकडे. कॉर्क परगण्यातील बेरा या डोंगराळ किनाऱ्यावर व्हेरोनिका स्टील यांच्याकडे एका शिंगाची एक गाय होती. घरात खाऊन दूध उरायचे. त्याचे करायचे काय, म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी स्वयंपाकघरात चीज करून पाहिले. कैक प्रयोग फसले, आणि त्यातूनच ‘मिलीन्स’ हे चीज जन्मले. आम्हाला त्यांचे मोठेपण वाटते ते पुढच्या गोष्टीत. ही विद्या त्यांनी लपवली नाही. आसपासच्या स्त्रियांना शिकवली. जेफा गिल यांचे ‘डरस’, जियाना फर्ग्युसन यांचे ‘गबीन’ ही चीजे त्याच परिसरात उभी राहिली. व्हेरोनिका २०१७ साली गेल्या. लंडनच्या नील्स यार्ड डेअरी या १९७९ पासूनच्या दुकानात असे चीज करणाऱ्याच्या नावानिशी विकले जाते. गिऱ्हाईक नाव विचारून घेते.

आपल्या देशातही दुधातुपाला नाव विचारत. वेगळ्या कारणाने! बाबासाहेबांनी १९३६ च्या, न होऊ दिलेल्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकीकत नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या अस्पृश्याने आपल्या लोकांना तुपाचे जेवण दिले, म्हणून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन पंगतीवर धावून आले. तूप त्याच्याच पैशाचे होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलातला चहा लोकांनी प्यावा म्हणून खुद्द शाहू छत्रपतींना तिथे जाऊन चहा घ्यावा लागला. डेअरीच्या कॅनमध्ये सर्वांचे दूध एक होते, जात विरघळते, फॅट तेवढे मोजले जाते. हे चांगलेच झाले. पण कॅनमध्ये जात बुडाली तसा करणाऱ्याचा हातही बुडाला.

आमच्या ओळखीच्या काही भगिनी दोन-तीन म्हशींच्या दुधाचा खवा आटवून तालुक्याला पाठवतात. पाकीटबंद करायचे ठरले तेव्हा कागदपत्रांसाठी आम्हाला बोलावले. कायद्याने पाकिटावर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतोच. गटाचे नाव घातले की भागते. आम्ही व्हेरोनिकाबाईंची गोष्ट सांगितली आणि आटवणारीचेही नाव छापा, असे सुचवले. थोडा वेळ कुणी बोलले नाही.

“आडनाव वाचलं की माल तसाच माघारी यील, दादा,” एक आक्का म्हणाल्या. “कॅनमधी बरं असतंय.”

त्यांची सून चुलीपुढून उठली नाही. उलथने फिरवत म्हणाली, “अत्ती, सुजाताचं नाव राहिलंच की खिरीसंगं. अडीच हजार वर्षं झाली.”

वाद बराच चालला. तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेला आडनाव नव्हते, असाही मुद्दा निघाला, आणि हसूही झाले. शेवटी पहिल्या पन्नास पाकिटांवर सासू-सून दोघींची नावे, आडनावासह, छापायची ठरली. छपाईचा खर्च गटाच्या वहीत लिहिला आहे. पाकिटे येत्या बाजारादिवशी अक्कलकोटला जातील.