जुने घर घेताना

पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या पैशांत आपले स्वतःचे घर व्हावे, ही मध्यमवर्गीय मनुष्याची फार जुनी इच्छा. गोव्यातील शहरांचे भाव ऐकून निराश झालेला नोकरदार मग सांगे, केपे, डिचोली यांसारख्या लहान गावांकडे वळतो. तेथे चिऱ्याच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे, परसात विहीर असलेले एखादे जुने घर त्यास त्या मानाने स्वस्त मिळते. तथापि, ते स्वस्त का आहे, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

पहिले कारण डोळ्यांना दिसते. अशा घरांचे चिरे पुष्कळदा मातीत बसविलेले असतात. कौल सरकले की पाणी भिंतीत मुरते, माती वाहून जाते आणि भिंत पोकळ होते. वासे जेथे भिंतीवर टेकतात, तेथेच ते आधी कुजतात व वाळवी धरतात. तेथे चाकूचे टोक रोवून पाहावे. नव्या सिमेंटच्या गिलाव्यास भुलू नये. त्याखाली ओल कोंडलेली असू शकते. यास्तव घर एकदा भर पावसात पाहावे, आणि विहीर मे महिन्यात.

दुसरे कारण दिसत नाही. ते कागदांत असते. गोव्याच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. एकाच्या सहीने घर विकता येत नाही. वारसाहक्कात मुलगा व मुलगी समान. म्हणून आजोबांच्या नावावर राहिलेल्या घरास पुष्कळ धनी असतात, व त्यांतील कोणी दूर परदेशी असतो. 2012 च्या वारसाहक्कविषयक कायद्यानुसार वारस निश्चित करून घेता येतात, आणि वाटणीसाठी न्यायालयात इन्व्हेंटरीची कार्यवाही करता येते. नमुना 1 व 14 वरील नाव किंवा घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. तसेच भाटकाराच्या संमतीने कोणी मुंडकार तेथे राहत असेल, तर 1975 च्या कायद्याने त्यास संरक्षण आहे. हे सारे वकिलाकडून तपासून घेतल्यावाचून विसार देऊ नये.

ही चूक माझ्या हातून होता होता राहिली. केप्याजवळच्या एका घराचे छप्पर मी चार रविवार निरखले. कागद मात्र एकही संध्याकाळ पाहिले नाहीत. विसाराची रक्कम खिशात घेऊन गेलो, तेव्हा मागच्या खोलीतून एक वृद्धा बाहेर आली. विकणाऱ्याची ती अविवाहित आत्या; त्या घरातच जन्मलेली. “मास्तर, मी कुठे जायचे, ते ठरले का?” तिने विचारले. घर तिच्या वडिलांचे, वाटणी कधी झालेली नाही; म्हणजे तीही वारस होती. आणि तिला कोणी विचारलेच नव्हते!

मी पैसे न देता परतलो. आजही भाड्याच्या घरात राहतो. पण मला कळले की, सर्व वारसांच्या सह्या ही केवळ खरेदीदाराच्या सुरक्षिततेची बाब नाही. त्या मागितल्या जातात, तेव्हाच मागच्या खोलीतील माणसाला कोणीतरी विचारते.