वास फक्त घाटातच का येतो?

छोट्या दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण पिकअप गाडीत बसले आहेत? पुढे तीन माणसं दाटीवाटीनं बसतात आणि मागे हौद्यात कांदे, सोयाबीन नाहीतर शेळ्या असतात, ती गाडी! बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात वर होतील. आज अशाच एका गाडीतल्या चोराची गोष्ट सांगतो. चोर दिसत नव्हता. त्याचा नुसता वास येत होता.

माझा मामेभाऊ मलकापूरजवळ राहतो. या जिल्ह्यातली माणसं स्वतःला ‘घाटावरची’ किंवा ‘घाटाखालची’ म्हणवतात, हे तिथल्या मुलांना ठाऊकच आहे. मलकापूर घाटाखाली, बुलढाणा शहर घाटावर आणि मध्ये राजूरचा घाट. मामेभाऊ पहाटे गाडीत भाजी भरून घाट चढतो. दिवाळीच्या सुटीत त्याची आठवीतली मुलगी हट्टानं त्याच्यासोबत जाऊ लागली. पहाटेचा गारठा, म्हणून काचा गच्च बंद. घाट चढून वर आलं की ती म्हणायची, “बाबा, माहं डोकं दुखून राह्यलं. धुराचा वास येते.”

“मले तर नाही येत,” बाबांचं उत्तर.

बाबा खोटं बोलत नव्हते बरं का! आपलं नाक मोठं मजेशीर आहे. एकच वास सतत आला, की ते थोड्या वेळानं त्याची दखल घेणंच सोडून देतं. फोडणीचा ठसका बाहेरून येणाऱ्याला लागतो, ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला लागत नाही, तसंच. रोज त्या केबिनमध्ये बसणाऱ्या बाबांचं नाक केव्हाच सरावलं होतं. मुलीचं नाक नवं होतं.

मग मोठ्या माणसांनी काय करावं? आधी मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणून काचेपाशी चिकटवली. आता धूर आणि मोगरा असा मिश्र वास येऊ लागला! मग कोणीतरी म्हणालं, सायलेन्सर गेला असेल. नवा सायलेन्सर बसवला, पैसे गेले, वास तिथंच. शेवटी स्वारी एका जुन्या मिस्त्रीकडे गेली. दिवाळीला गेलो होतो, म्हणून मीही सोबत होतो.

मला वाटलं, मिस्त्री आता पाने काढून गाडीखाली शिरणार. पण त्यांनी बोनेटसुद्धा उघडलं नाही. स्टुलावर बसले आणि मुलीला म्हणाले, “सांग माय, वास कधी येते? अन् कधी येत नाही?”

ती गडबडली. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “एक वही कर. चार दिवस लिहून आण. मंग मी पाना धरतो.”

चार दिवसांनी वही आली. तिच्यात लिहिलं होतं, की सपाट रस्त्यावर गाडी पळत असताना वास नाही. घाट चढताना भरपूर. घाट उतरताना नाही. गाडी जागेवर चालू ठेवली तर थोडासा. ब्लोअर लावला की वाढतो. ब्लोअरचा खटका ‘बाहेरची हवा’वरून ‘आतली हवा’वर केला की कमी होतो, पण पुरता जात नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, आपल्या बाजूची काच बोटभर उघडली तर कमी व्हायच्या ऐवजी एकदा वाढला!

मिस्त्रींनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, “मागं नाही हे, पुढं हाये. बोनेटखाली.”

त्यांना हे बसल्याजागी कसं कळलं? तुम्हीही विचार करून पाहा. घाट चढताना इंजिनाला सगळा जोर लावावा लागतो. डिझेल जास्त जळतं, धूर जास्त होतो आणि नळीतला त्याचा दाबही वाढतो. जोडात कुठे फट असेल, तर याच वेळी तिथून जोरात धूर सुटणार. शिवाय घाटात गाडी हळू चालते. सपाटीवर वारा बोनेटखालचा धूर मागे उडवून लावतो, घाटात तो तिथंच कोंडतो. आणि पुढच्या काचेखाली जी जाळी असते ना, तिच्यातूनच ब्लोअर बाहेरची हवा आत ओढतो. खटका बदलल्यावर वास कमी झाला, म्हणजे चोराची एक वाट हीच! पण पुरता गेला नाही, म्हणजे दुसरीही एखादी वाट असणार.

आणि ती उघडी काच? चालत्या गाडीच्या उघड्या काचेतून केबिनमधली हवा बाहेर खेचली जाते. तिची जागा भरायला दुसरी हवा कुठून तरी आत येणारच. खाली भोकं असतील, तर ती तिथूनच येते, धुरासकट.

म्हणजे प्रश्न एक नव्हता, दोन होते. धूर सुटतो कुठून? आणि आत शिरतो कुठून?

दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार असताना मिस्त्रींनी बोनेट उघडलं. इंजिनाच्या सिलिंडरांतला धूर गोळा करणारा बिडाचा एक जाड पाइप असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या जोडापाशी बॅटरीच्या उजेडात काजळीचा काळा ओघळ दिसला. खात्रीसाठी मिस्त्रींनी मागून सायलेन्सरच्या तोंडातून कॉम्प्रेसरची हवा अगदी हळू सोडली आणि पुढे जोडांवर साबणाचा फेस लावला. सायकलचं पंक्चर काढताना ट्यूब पाण्यात बुडवतात ना, तीच युक्ती. एका कोपऱ्यात फेस बुडबुडू लागला! तिथला एक नट गळून पडला होता आणि आतली पॅकिंग जळाली होती. सायलेन्सर बिचारा निर्दोष होता.

आता आत शिरायच्या वाटा. मिस्त्रींनी गॅरेजचं शटर ओढून अंधार केला, दिवा गाडीखाली सरकवला आणि मुलीला केबिनमध्ये बसवलं. “उजेड कुठून दिसते, सांग.” गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलं होतं, तिथून एक उजेडाची रेघ वर आली. ही दुसरी वाट! बोनेटच्या मागच्या कडेचं रबरही वाळून तडकलं होतं. धूर जाळीपर्यंत पोचायचा, तो तिथूनच.

मामेभाऊ म्हणाला, “मंग आधी हे रबरं बदलून टाका ना. पॅकिंग पुढच्या महिन्यात करू.” पॅकिंगला खर्च जास्त होता.

मिस्त्रींनी मान हलवली. “नाही भाऊ. आधी धूर बंद, मंग भोकं बंद.”

हे त्यांचं बोलणं मला फार पटलं. का ते सांगतो. डिझेलच्या धुराला जो उग्र वास येतो, तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा. पण त्याच धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवी प्राणवायू वाहून नेतं, पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू पुरत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, झोप येते. आणि चालवणाऱ्यालाच घाटात झोप आली तर? पेट्रोलच्या धुरापेक्षा डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो, हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 साली डिझेलचा धूर हा कर्करोगाचं कारण म्हणून जाहीर केला आहे. अर्धीमुर्धी भोकं बुजवली, तर वास जाईल आणि धूर राहील. म्हणजे चोर तसाच, आणि भुंकणारा कुत्रा तेवढा गप्प!

आता हौद्याबद्दल थोडं. जत्रेला, लग्नाला जाताना ताडपत्रीखाली बसून गेलेले कितीतरी जण तुमच्यात असतील. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे, हे आईबाबांना ठाऊक असतं, तरी चालतं. त्यांच्यासाठी ही हकिकत. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये अशा 20 मुलांची माहिती छापली, ज्यांना पिकअपच्या मागच्या भागात बसून कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली होती. बहुतेक मुलं मागे बसवलेल्या बंद टपाखाली होती, तिघं ताडपत्रीखाली. पंधरा जण बेशुद्ध पडले होते आणि एक मूल दगावलं. त्या गाड्यांच्या धुराच्या नळीला गळती तरी होती, नाहीतर तिचं तोंड बाजूला नसून मागच्या बाजूला होतं. पळत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि मागे सोडलेला धूर तो परत हौद्यात ओढतो. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या मागे धूळ कशी उलटी आत येते, ते पाहिलंय ना? धूर तसाच येतो, फक्त दिसत नाही.

गाडीत बसल्यावर डोकं दुखलं आणि उतरून मोकळ्या हवेत थांबलं, तर गप्प बसू नका. लगेच सांगा. कोणी गुंगल्यासारखं दिसलं तर इंजिन बंद करायचं, त्याला मोकळ्या हवेत न्यायचं आणि 108 ला फोन करायचा. डॉक्टरांना ‘धुरात बसला होता’ हे आठवणीनं सांगायचं. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून आत बसायचं नाही, थंडी असली तरी.

तुम्हाला एक तपासणी सहज करता येईल. गाडी बंद असताना दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर चांगलं. सुळकन आली तर तिथून हवा येते. अशी चारी बाजूंनी पाहा. बोनेटखालचं काम मात्र मिस्त्रीचं. तिथले पाइप इतके तापतात, की हात लावताक्षणी कातडी सोलून निघेल.

तर आमच्या गाडीला नवी पॅकिंग बसली, नट बसला आणि मग रबरं बदलली. सुटीचे दोनच दिवस उरले होते. पहाटे आम्ही तिघं निघालो. राजूरचा घाट चढताना मामेभावानं ब्लोअर लावला, खटका ‘बाहेरची हवा’वर केला आणि मुलीकडे पाहिलं.

“येते का वास?”

तिनं डोळे मिटून नाक फुलवलं. “येते.”

मामेभावाचा चेहराच पडला.

“मेथीचा,” ती म्हणाली, “मागच्या जुड्यांचा.” मग थोडा विचार करून तिनं वही काढली. “पण बाबा, मेथी तं मागं हाये. म्हणजे मागच्या काचेलेबी कुठीतरी फट हाये!”